वाचून दाखवलं, बरोबर आहे

गणवीरबाईंशी बोलणं ही एक शिक्षाच होती. आपण काही सांगितलं की त्या मान जराशी तिरकी करून ऐकायच्या आणि मग आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवायच्या. शेवटी विचारायच्या, "बरोबर?" आमच्या दूधवाल्याने एकदा पातळ दुधाचं खापर म्हशीवर फोडलं. बाईंनी शांतपणे त्याला हिंदीत ऐकवलं, "मतलब तुम कह रहे हो, तुमने पानी नहीं डाला, भैंस ही पतला दूध दे रही है. सही है?" दूधवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला आणि मग म्हणाला, "थोड़ा सा डाला था, बाई साहब." त्या रागावल्या नाहीत. "तो वैसा बोलो ना," एवढंच म्हणून भांडं घेऊन आत गेल्या.

ह्या बाई जज होत्या. आमच्या भागातल्या कोर्टात खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई. त्याआधी तिथे बाई दिसायची ती साक्षीदार म्हणून, आरोपी म्हणून, नाहीतर सकाळी झाडायला आलेली.

माझी नात वकिलीचं शिकते. भिलाईच्या स्मृतिनगरातल्या ह्या घरात मराठी बोलणारी आता मी एकटीच उरले आहे. नातीला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. परवा विचारत होती, "आजी, वो जज मैडम किसी से डरती नहीं थीं ना?" मी म्हटलं, डरायच्या तर काय, चांगल्या डरायच्या, पालीलासुद्धा डरायच्या. तिला ते मुळीच आवडलं नाही. मोठं काम केलेली माणसं निडर असतात अशी पोरांची समजूत असते, आणि ती पुस्तकांनीच करून दिलेली असते. म्हणून तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या मुलांसाठी हे लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन दुर्गला आले तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. दिवसभर रस्त्याने ट्रक जायचे. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत तांबूस होई. कारखान्याखाली कितीतरी गावं गेली होती आणि त्याच गावांतली माणसं आता टोपल्या डोक्यावर घेऊन त्याच जमिनीवर मजुरी करत होती. सेक्टर दहाच्या क्वार्टरांच्या तेव्हा नुसत्या भिंती होत्या, वर छत नव्हतं. लोक म्हणत, पोलाद निघेल, दिवस पालटतील. मला मात्र तेव्हाची आठवण येते ती घशात बसलेल्या धुळीची.

देशभरातून माणसं आल्यामुळे दुर्गात खोल्या मिळत नव्हत्या हे खरं. पण गणवीरबाईंना खोली मिळेना त्याचं कारण ते नव्हतं. सरकारी बंगले साहेबांनी भरलेले. त्या गावात फिरल्या. घरमालक आधी "जज" शब्द ऐकून खुर्ची पुढे करायचे, मग नाव विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि आडनाव व गाव जुळवून झालं की त्यांच्या घरी अचानक पाहुणे यायचे असत. एकाने तर खोली दाखवून झाल्यावर नकार दिला. बाईंनी त्याला म्हणे ऐकवलं, "आप कह रहे हैं, कमरा खाली है, किराया भी ठीक है, पर मुझे नहीं देना है. सही है?" तो म्हणाला, सही है. त्याचं मला फार आश्चर्य वाटत नाही.

आमचं घर मूळचं नागपूरकडचं. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम होते, आणि आमचे हे दुर्गच्या यार्डात क्लार्क. दीक्षा घेतल्याला फार वर्षं झाली नव्हती. भिंतीवरची बुद्धाची तसबीर अजून नवी दिसायची. आता ज्याला मोहननगर म्हणतात त्या बाजूला मामाजींनी दोन खोल्या आणि एक पडवी उभी केली होती. आपल्यातली एक बाई जज होऊन आली आहे आणि धर्मशाळेत राहते आहे, हे त्यांच्या कानावर आलं. ते तडक तिथे गेले.

"चाल पोरी," ते म्हणाले, "माही एक खोली हाये. पाणी पडलं का कौलं गळतात. बाकी काही तकलीफ नाही."

"म्हणजे तुम्ही म्हणता, छत गळते. बरोबर?"

"हाव. गळते."

"मंग चालते," बाई म्हणाल्या आणि ट्रंक उचलली.

अशा त्या आमच्या भिंतीपलीकडे राहायला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. सावळ्या, उंच, चालताना थोड्या वाकलेल्या. स्वयंपाकाच्या नावाने पूज्य. त्यांचा भात एक तर कच्चा राही नाहीतर जळे, म्हणून भाकर माझ्याकडची आणि ठेचा त्यांचा असा आमचा रिवाज पडला. ठेचा इतका तिखट असे की मामाजींसारख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येई. गाणं येत नव्हतं, पण न्हाताना म्हणायच्या. आणि पाल दिसली की सरळ आमच्या खोलीत येऊन बसायच्या.

त्यांच्याजवळ कोर्टात घालायचा काळा कोट एकच होता, तोही नागपूरच्या कोणाकडून मागून आणलेला. नवा शिवायचा ठरला तेव्हा बाजारातला शिंपी घरी आला, पण माप घ्यायला धजेना. बाईमाणूस, त्यात जज. शेवटी तो दाराबाहेर तोंड फिरवून उभा राहिला, आत मी टेप धरली आणि आकडे ओरडून सांगितले. कोट आला तो गड्याचा. खांदे रुंद, गुंड्या पुरुषी बाजूला. त्याने जन्मात बाईचा काळा कोट शिवलाच नव्हता, त्याला काय म्हणणार. बाईंनी तो अंगात घातला, आरशात पाहिलं आणि मला म्हणाल्या, "विमल, म्हणजे सरकारले गडीच पाहिजे होता. बरोबर?" आम्ही दोघी खूप हसलो. तो कोट त्यांनी शेवटपर्यंत तसाच वापरला.

कोर्टातून त्या घरी आल्या की चपला काढायच्या आधी उभ्या उभ्या पाणी प्यायच्या. एक तांब्या, मग दुसरा. उन्हाळ्यात तर त्यांचे ओठ फुटलेले असत. दिवसभर पाणी का पीत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिथे बायांसाठी संडास नाही, मग कायले प्यावं. हे खरंच होतं. पण अर्धंच खरं होतं. साहेबाच्या टेबलावर पाणी भरून ठेवायचं काम चपराशाचं असे, आणि तो त्यांच्या ग्लासला हात लावत नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं नाही. यार्डातून कोणीतरी यांना सांगितलं, यांनी मला सांगितलं. पुढे त्यांना लघवीच्या जागी आग होऊ लागली, ताप यायला लागला, तरी त्या कोर्ट चुकवत नसत. मी सब्जाचं पाणी करून द्यायची. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि मला ते फार कमी वाटायचं.

कोर्टातले वकील त्यांच्याशी वाईट बोलत नसत. नीट बोलायचे, फक्त त्यांच्याशी बोलायचे नाहीत. खुर्चीला लवून नमस्कार करायचा असतो. तिथले सर्वांत मोठे वकील आत आले की किंचित बाजूला वळून मागच्या घड्याळाला नमस्कार करायचे. हे बाईंनीच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "घड्याळ मागे चालते, त्याले सन्मान पाहिजे."

त्यांच्यावर सगळ्यांचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होता. साक्षीदार साक्ष देतो, जज ती ऐकून थोडक्यात सांगतो, रीडर म्हणजे कोर्टातला कारकून ती लिहून घेतो. खाली लिहायचं असतं, "वाचून दाखवलं, बरोबर आहे." मग सही, नाहीतर अंगठा. ओळ सगळीकडे लिहिली जायची. वाचून मात्र कोणी दाखवत नसे. वेळ कोणाला आहे? बाई वाचून दाखवायच्या. प्रत्येकाला, शेवटच्या शब्दापर्यंत. साक्षीदार खेड्यातला असला तर आमच्या भाजीवालीकडून शिकलेल्या छत्तीसगढीत सांगायच्या, आणि तो मान हलवेपर्यंत अंगठा घेऊ द्यायच्या नाहीत. त्यामुळे काम तुंबायचं. वकील त्याला "बाईंची शाळा" म्हणायचे.

मामाजींनी त्यांना एकदा विचारलं, "हे वाचायचं भूत तुह्या डोक्यात कावून बसलं?" बाई पडवीत शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, त्यांचे वडील तुमसरकडे रेल्वेत कोळसा उपसायचे. एकदा कोळसा चोरीला गेला. साहेबाने वडिलांना विचारलं, वडिलांनी सांगितलं, मी पाहिलं नाही. लिहिणाऱ्याने लिहिलं, मी घेतला. अंगठा घेतला. खाली ओळ होतीच, वाचून दाखवलं, बरोबर आहे. "माह्या बाबाले मरेपर्यंत समजलं नाही, आपण काय कबूल केलं," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. मामाजी उठून अंगणात गेले. त्यांनीही आयुष्यात पुष्कळ अंगठे दिले होते.

बाईंची नोकरी तेव्हा कच्ची होती. चांगला शेरा मिळाला की कायम, नाहीतर घरी. आणि अशातच सुखबतीचा खटला त्यांच्यापुढे आला.

सुखबती रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर टोपल्या वाहणारी बाई. तिचा नवरा कारखान्याच्या एका ठेकेदाराकडे बांबूच्या परांचीवर काम करायचा. परांचीची दोरी तुटली आणि तो वरून पडून मेला. ठेकेदाराचा मुन्शी म्हणाला, तो दारू प्यायला होता. पोलिसांनी निष्काळजीपणाचा खटला मुन्शीवर भरला होता, पण त्यात दम नव्हता, आणि मुन्शीच्या बाजूने उभे होते तेच घड्याळाला नमस्कार करणारे वकील. बाई घरी कुठल्या खटल्याबद्दल अवाक्षर काढत नसत. आम्हाला हे कळलं ते मजुरांकडून. कोर्ट उघडं असतं, कोणीही येऊन बसावं, असं त्या नेहमी सांगायच्या, म्हणून मामाजी मला घेऊन गेले. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाईंनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सुखबती कठड्याला धरून उभी होती. सिमेंटने तिची बोटं फुटली होती. ती भरभर बोलत होती, मध्येच रडत होती, पुन्हा बोलत होती. बाई ऐकत होत्या आणि रीडरला हिंदीत सांगत होत्या. संपल्यावर बाईंनी सगळं तिला तिच्या बोलीत वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर?

सुखबतीने मान हलवली नाही. म्हणाली, "मोर ओ गोठ कहाँ गे?" म्हणजे, माझी ती गोष्ट कुठे गेली?

"कोन गोठ?" बाईंनी विचारलं.

दोरीची गोष्ट, सुखबती म्हणाली. सकाळीच तिने मुन्शीला सांगितलं होतं की दोरी घासली आहे, माणसं चढवू नका. मुन्शी म्हणाला होता, चढायचं तर चढा, नाहीतर घरी जा.

हे ती आधीच म्हणाली होती. रडता रडता म्हणाली होती, पण म्हणाली होती. आम्ही मागच्या बाकावर ऐकलं होतं, मामाजींनी तेव्हा माझा हात दाबला होता. सगळ्या खटल्यात कामाची ओळ ती एकच होती आणि नेमकी तीच बाईंकडून लिहून घ्यायची राहिली होती.

बाईंचा चेहरा उतरला. मग त्या रीडरला म्हणाल्या, "गवाह ने यह पहले ही कहा था. मुझसे छूट गया. लिखिए."

मोठे वकील उठले. साक्षीदाराने हे आधी मुळीच म्हटलेलं नाही, ते म्हणाले, कोर्टाने विचारून विचारून तिच्या तोंडात घातलं आहे.

बाईंनी मान तिरकी केली. "वकील साहब, आप कह रहे हैं, आपने यह बात पहले नहीं सुनी. सही है?"

"सही है," वकील म्हणाले. त्यांनी नजरही खाली घेतली नाही.

काही माणसांना त्यांचं खोटं परत ऐकवलं तरी त्यांचं काही होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. बाईंनाही बहुधा तेव्हाच समजलं असावं. ओळ लिहिली गेली, पुन्हा वाचून दाखवली गेली, सुखबतीने अंगठा दिला.

मग वर बाईंविरुद्ध तक्रार गेली. बाईंनी साक्ष स्वतः रचली, असं तिच्यात होतं. खटला त्यांच्याकडून काढून दुसऱ्या कोर्टात दिला. वरून खुलासा मागवला. एका वडीलधाऱ्या साहेबांनी त्यांना बोलावून प्रेमाने समजावलं, की साक्षीदार ती गोष्ट नंतर बोलली, एवढं लिहून द्या, प्रकरण मिटेल. तसं लिहिलं असतं तर बाई वाचल्या असत्या. पण मग सुखबतीची ती ओळ मागाहून शिकवलेली ठरली असती, आणि खटल्यात दुसरं काही नव्हतंच.

त्या संध्याकाळी त्या पडवीत येऊन बसल्या. पूर्वेला कारखान्याकडचं आभाळ लालसर झालं होतं. पहिल्यांदाच त्या घरात एका खटल्याबद्दल बोलल्या. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"देऊन टाक ना लिहून," ते म्हणाले. "मंग बोलली म्हणून. इतक्या दूर आली तू, आपल्यातलं कोणी आलं नाही इतक्या दूर. तिचा नवरा तर मेला, आता काही तो वापस येत नाही."

"म्हणजे तुम्ही म्हणता मामाजी, मी खोटं लिहू. बरोबर?"

मामाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हाव. तसंच म्हणून राहिलो."

त्यांचा मला राग आला नाही. ते घाबरले होते, आणि घाबरण्यासारखंच होतं. बाई खाली पाहत म्हणाल्या, "मले बी सकाळपासून तसंच वाटून राहिलं."

तर माझ्या नातीला हे सांगायचं आहे. बाई घाबरल्या होत्या, त्यांना मोह झाला होता, त्या संध्याकाळी त्यांनी माझी भाकर तशीच ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं, की साक्षीदाराने ती गोष्ट आधीच सांगितली होती, ती लिहून घ्यायची राहिली, चूक माझी.

चूक कबूल केली म्हणून शेरा आला, निष्काळजी. कायम करणं पुढे ढकललं. बदली झाली बस्तरच्या आत, जिथे जायला साहेब लोक टाळाटाळ करायचे. पुढे त्या कायम झाल्या, त्यांच्यामागून आलेल्यांच्या फार मागून. वरच्या कोर्टातही बसल्या, असं ऐकलं. म्हणजे त्या जिंकल्याच म्हणायच्या. पण जिंकणं असं असतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सुखबतीच्या त्या ओळीवर दुसऱ्या कोर्टाने मुन्शीला शिक्षा दिली. ठेकेदाराला काही झालं नाही. निकालाच्या दिवशी मामाजी मुद्दाम गेले होते. सुखबती तिथे नव्हती. तिची टोळी काम संपवून केव्हाच दुसरीकडे गेली होती, कुठे ते कोणाला ठाऊक नव्हतं. निकाल तिला कोणी वाचून दाखवला की नाही, मला अजून माहीत नाही. रात्री पडल्या पडल्या कधी आठवलं की झोप जाते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दुर्गच्या स्टेशनवर. रायपूरपर्यंत गाडी आणि पुढे मोटार असा प्रवास होता. कोर्टातलं कोणी आलं नव्हतं. मामाजींनी ट्रंक आत ठेवली आणि नळावर पाणी भरायला म्हणून गेले ते लवकर आलेच नाहीत. पलीकडच्या रुळावर लोखंडाच्या दगडाच्या वाघिणी कारखान्याकडे चालल्या होत्या, संपतच नव्हत्या. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर तो गड्याचा कोट घडी करून ठेवला होता. मी रडत होते.

"कायले रडतं विमल," त्या म्हणाल्या. "मले काही वाईट वाटून नाही राहिलं. तिथं बी कोर्ट हाये, खुर्ची हाये. काम तर तेच हाये."

मला काय वाटलं कोण जाणे. मी डोळे पुसले, त्यांच्यासारखी मान तिरकी केली आणि म्हटलं, "म्हणजे ताई, तुम्ही म्हणता, तुम्हाले काही वाईट वाटून नाही राहिलं. बरोबर?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. गार्डाने शिट्टी दिली. त्यांनी कोटावरून एकदा हात फिरवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुरुस्त कर. वाटून राहिलं. खूप वाटून राहिलं."

गाडी हलली. मी खिडकीचा गज धरून बरोबर चालत होते. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, आणि मला समजलं की त्या परत ऐकायला थांबल्या आहेत.

"खूप वाईट वाटून राहिलं," मी परत ऐकवलं. "बरोबर?"

त्यांनी मान हलवली. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मी गज सोडला.